खारट विहिरीतला कुत्रा

कादंबरी ही माणसाने माणसाला दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे. तिच्या पानांतून आपण दुसऱ्याच्या आत्म्यात खोल उतरतो आणि वर येतो तेव्हा पूर्वीचे राहिलेले नसतो. हे वाक्य मी गेली सव्वीस वर्षं दर सप्टेंबरात बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहितो. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि खाली रेघ मारतात. रेघ मारायला मीच सांगतो, कारण प्रस्तावनेचे दोन गुण या वाक्यावर हमखास मिळतात.

माझ्या स्वतःच्या उतरण्याबद्दल सांगायचं तर हारालांब चिओबोतारूंच्या 'खारट विहीर' या थोर कादंबरीत मी चाळिसाव्या पानापर्यंत उतरलो होतो. तिथून परत आलो. पूर्वीचाच राहिलो.

यात लाजण्यासारखं काही आहे असं आमच्या पोदेनी गावात कुणाला वाटत नाही. आमच्या देशात बारावीला कादंबरी वाचायची नसते, विवरण पाठ करायचं असतं. विवरण म्हणजे चार पानांचा मजकूर. त्यात कादंबरीचा विषय, निवेदनाचं तंत्र, दोन महत्त्वाचे प्रसंग, सुरुवात आणि शेवट यांचं नातं, असं सगळं क्रमानं बांधून दिलेलं असतं. परीक्षकाच्या हातात गुणदान योजना असते. तीही त्याच क्रमानं बांधलेली. विद्यार्थी ओततो, परीक्षक मोजतो आणि दोघांनाही कादंबरीचा त्रास होत नाही. विवरणं थोरल्या भावाकडून धाकट्याकडे जातात. काही घरांत तर आईच्या हस्ताक्षरातली आहेत. कपाटात लग्नाच्या टेबलक्लॉथखाली जपून ठेवलेली.

'खारट विहीर'च्या विवरणात एक लंगडा कुत्रा आहे. सगळी गोष्ट तिथेच अडली.

मे महिना होता. परीक्षा पाच आठवड्यांवर आलेली. मी उजळणी घेत होतो.

"रेमुस, 'खारट विहीर'चं निवेदनतंत्र सांग."

रेमुस उठला, डोळे मिटले आणि सुरू झाला. डोळे उघडे ठेवले की त्याचं दुसरं पान आधी येतं. "निवेदक तृतीयपुरुषी, सर्वज्ञ आणि सर्वसाक्षी असून, कळीच्या क्षणी मात्र निवेदनाचा दृष्टिकोन लंगड्या कुत्र्याकडे सोपवला जातो, त्यामुळे दोघा भावांमधील संघर्षास मूक साक्षीदार लाभून..."

"शाब्बास. आणि कुत्रा कशाचं प्रतीक?"

"लंगडत चाललेल्या समाजाचं!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. प्रार्थना म्हणतानासुद्धा इतका सूर जमत नाही.

तिसऱ्या बाकावरून हात वर आला. स्मारांदा तोपोरान. ही मुलगी शाळा सुटली की गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे मदतीला जाते, त्यामुळे हातावर कायम ओरखडे. तिला यासी शहरातल्या विद्यापीठात जाऊन पशुवैद्य व्हायचं होतं. तिथल्या सरकारी खर्चाच्या जागांसाठी बारावीची सरासरी दहापैकी नऊच्या वर लागते. जीवशास्त्राची तिला चिंता नव्हती. सगळं आमच्या विषयावर लटकलेलं. साहित्यात आठ आले, की संपलं. फी भरून शिकवणारं घरी कुणी नव्हतं.

"सर, कुत्रा कितव्या पानावर आहे?"

"कितव्या म्हणजे?"

"मला सापडला नाही. मी कादंबरी वाचली."

सगळी डोकी एकदम तिसऱ्या बाकाकडे वळली.

"अगं, पण का?" रेमुसने विचारलं. आवाजात खरी काळजी होती.

"कुत्र्यासाठी. कुठला पाय, कशानं लंगडतो, विवरणात काहीच नाही. मला ते वाचताना राहवेना. म्हणून लायब्ररीतून पुस्तक आणलं. तीनशे चाळीस पानं आहेत. कुत्रा नाही. एक बकरी आहे, दोनशे अकराव्या पानावर. ती पुढे विहिरीत पडते."

"नीट बघितलंस का? कुठेतरी ओट्याखाली झोपला असेल."

"बकरी कुत्र्यासारखी दिसते कधीकधी," मागून कुणीतरी म्हणालं. "लांबून."

"तुझी मावशीपण दिसते," स्मारांदा मागे न बघता म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि सर, विवरणात म्हटलंय की भाऊ शेवटपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. ते बोलतात. तीनशे अठराव्या पानावर. बकरी काढायला दोघं लागतात म्हणून. फार छान आहे ते."

अशा वेळी शिक्षकाचं अवघं प्रशिक्षण कामाला येतं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "स्मारांदा," मी म्हणालो, "थोर कादंबरीत सगळंच शब्दांत नसतं."

"पण कुत्रा तर शब्दांतच असायला हवा ना, सर?"

घंटा झाली. सव्वीस वर्षांत घंटेचे माझ्यावर बरेच उपकार आहेत. त्या दिवशीचा सर्वांत मोठा.

आता कुत्र्याची गोष्ट. ती मला माहीत आहे, कारण कुत्रा मी घातला.

माझी बारावी कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतर तीन वर्षांनी झाली. शेजाऱ्याकडून उसन्या आणलेल्या पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावरून मी परत आलो होतो आणि विवरणाच्या दुसऱ्या पानावर झोपलो होतो. परीक्षेला 'खारट विहीर' आली. एक प्रसंग मला येत होता, गुणदानाला दोन लागत होते. मी खिडकीबाहेर बघितलं. अंगणातल्या नळापाशी आमचा कुत्रा ग्रिवेई बसला होता. मागोमाग येत शाळेपर्यंत आलेला. एक पाय उचलून धरलेला आणि माझ्याकडे बघणारा. मला त्याची दया आली, किंवा माझी आली असेल. मी त्याला उचलून कादंबरीत बसवला. दोघे भाऊ विहिरीवर भांडतात आणि एक लंगडा कुत्रा त्यांच्याकडे बघत राहतो. लंगडणारा समाज वगैरे ओघात आलं. दहापैकी पावणेदहा मिळाले.

पुढे माझं ते उत्तर गावात विवरण म्हणून फिरलं. आधी कार्बनपेपरवर, मग झेरॉक्सवर. दोन वर्षांनी जिल्ह्याचे साहित्य-निरीक्षक ग्रेचानू साहेब यांनी ते 'परीक्षेचा सोबती' या पुस्तकात स्वतःच्या नावाने छापलं. दुसऱ्या आवृत्तीत कुत्रा सुरुवातीला आणि शेवटाला, दोन्हीकडे बसला, कारण समतोलाचे गुण असतात. चौथ्या आवृत्तीत त्याच्याकडे निवेदनाचा दृष्टिकोन सोपवण्यात आला. सहाव्या आवृत्तीपर्यंत मी स्वतः शिक्षक झालो होतो आणि माझाच कुत्रा मुलांना शिकवत होतो. तो आता इतका मोठा झाला होता की मी त्याला ओळखलं नसतं.

मुख्याध्यापिका काल्दारारू बाईंना दुपारपर्यंत सगळं कळलं होतं. कॉफीचा कप पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "सेवेर, त्या पोरीला वाचायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, बाई. स्वतःहून वाचली."

"आणि तुम्ही बघत बसलात?" त्यांनी खिडकी लावून घेतली. "बुधवारी ग्रेचानू साहेब तपासणीला येतायत. तुमच्याच वर्गावर. पुस्तक त्यांचं, कुत्रा त्यांचा. मुलगी तोंड उघडणार नाही एवढं बघा. ती हुशार आहे, तिला समजवा. तिचंही नुकसान, आपलंही नुकसान. मी शाळेच्या छपराचा अर्ज त्यांच्या शिफारशीनं पाठवलाय हो."

"बाई, कादंबरीत खरंच कुत्रा नसेल तर?"

त्यांनी स्वतःचा कप खाली ठेवला. "तुम्ही वाचलीय का?"

"बाई, मी सव्वीस वर्षं शिकवतोय."

"मीसुद्धा एकतीस," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघांनी कॉफी संपवली.

बुधवारी साहेब आले. बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं, वर्गात मागच्या बाकावर बसले आणि पाच मिनिटांत उठून पुढे आले. कारण ज्याला स्वतःचा आवाज आवडतो त्याला मागचा बाक सोसत नाही. "मुलांनो, 'खारट विहीर' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?"

"लंगडा कुत्रा!"

"लंगडा कुत्रा," साहेब गहिवरून म्हणाले. "चिओबोतारूंची प्रतिभा! एका मुक्या प्राण्याच्या नजरेतून..." आणि स्मारांदाचा हात वर गेला. मी तिला समजावलं नव्हतं. खरं सांगायचं तर तीन दिवस मी तिला टाळत होतो, आणि टाळण्याला समजावणं म्हणता येत नाही.

तिने सगळं पुन्हा सांगितलं. पानांच्या आकड्यांसकट, बकरीसकट. काल्दारारू बाईंनी दाराजवळ उभ्या उभ्या छातीवर क्रूस काढला.

साहेब रागावतील असं वाटलं होतं. ते छताकडे बघत राहिले. छत तसंही बघण्यासारखंच आहे, गळक्या जागी तपकिरी डागांचे नकाशे तयार झालेत. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कुठली आवृत्ती वाचलीस, बाळ?"

"एकच निघाली, साहेब. अठ्ठावनची."

"अठ्ठावनची." साहेब वर्गाकडे वळले. "अठ्ठावन साली या देशात काय चाललं होतं? कोण सांगेल?"

"सगळंच, साहेब," रेमुस म्हणाला.

"सेन्सॉर!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "लंगडा समाज! हे ते छापू देतील? शक्य आहे का? मुलांनो, कुत्रा कापला! त्या कसायांनी आमचा कुत्रा कापला!"

पहिल्या बाकावरच्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग तो विवरणात कसा आला, साहेब?" स्मारांदाने विचारलं.

"परंपरेनं, बाळ. लोकांनी जपून ठेवला. तोंडी."

आमच्याकडे यावर बोलायची सोय नसते. जुन्या राजवटीने लोक नेले, घरं नेली, माझ्या आजोबांची द्राक्षबाग नेली. तिने एक कुत्रा नेला नाही असं म्हणायला कोण उभा राहणार? त्या राजवटीची बाजू घेतल्यासारखं दिसेल. बाई टाळ्या वाजवू लागल्या. मीही वाजवल्या. माझा ग्रिवेई, जो आयुष्यात शेजारणीच्या कोंबड्यांखेरीज कुणाच्याही विरोधात गेला नव्हता, त्या बुधवारी साडेअकराला राजकीय बळी झाला.

आठवडाभरात जिल्ह्याच्या सगळ्या शाळांना अर्ध्या पानाची पुरवणी आली: 'अनुपस्थित कुत्रा : एक निवेदनतंत्र'. ती विवरणाला जोडून पाठ करायची होती.

"तुझ्यामुळे अर्धं पान वाढलं," रेमुस स्मारांदाला म्हणाला. "आधी कुत्रा होता. आता तो असून नाही. मी लिहू काय?"

"कादंबरी वाच."

"परीक्षेला पंचवीस दिवस राहिलेत, स्मारांदा. चेष्टा करू नकोस."

परीक्षेच्या दोन दिवस आधी ती मला शाळेच्या अंगणात भेटली. लिंडेनची झाडं फुलून घमघमत होती. सायकल भिंतीला टेकवून ती समोर उभी राहिली, म्हणजे जायला वाट राहिली नाही.

"सर, 'खारट विहीर' आली तर मी काय लिहू?"

"विवरण लिही. डोकं बाजूला ठेव, तीन तासांचा प्रश्न आहे. नऊच्या वर जाशील, यासीला जाशील, खरे कुत्रे बघशील. एका कागदावरच्या कुत्र्यासाठी आयुष्य घालवू नकोस."

"पण तो नाहीये ना सर तिथे."

"कापला असेल..."

"सर." तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती डॉक्टरकडच्या टेबलावरच्या मांजराकडे बघत असणार. चावेल की नाही याचा अंदाज घेत. "तुम्ही वाचलीय ना कादंबरी?"

आजवर हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. उत्तर तयार नव्हतं. आणि तयार उत्तर नसलं की आमच्या पद्धतीत वाढलेल्या माणसाच्या तोंडून चुकून खरं बाहेर पडतं.

"चाळीस पानं," मी म्हणालो. "कुत्रा माझा आहे."

मी तिला सगळं सांगितलं. परीक्षेची खिडकी, नळ, उचललेला पाय, पावणेदहा गुण. ती हसेल असं वाटलं, किंवा ओरडेल, आणि दोन्हीला माझी तयारी होती. तिने फक्त विचारलं, "कुठला पाय?"

"मागचा. डावा."

"काय झालं होतं त्याला?"

तेवढ्यात काल्दारारू बाईंनी वरून खिडकीतून हाक मारली, "सेवेर, हजेरीवर सह्या!" मी लगबगीने निघालो. मागून ती म्हणाली, "सर, पुस्तक चांगलं आहे हो. चाळिसाव्या पानानंतर."

आमच्या विषयाच्या परीक्षेच्या दिवशी साहित्याच्या शिक्षकांना शाळेच्या आवारात पाऊल टाकू देत नाहीत. राज्याचा आमच्यावर विश्वास आहे तो एवढा. मी घरी बसून चेरी खाल्ल्या आणि बिया खिडकीतून फेकत राहिलो. एक वाजता रेमुसचा फोन आला. "सर, विहीर आली! मी दोन्ही लिहिलं. पहिल्या पानावर कुत्रा आहे, तिसऱ्यावर नाही."

"आणि स्मारांदा?"

"तिनं बकरी लिहिली, सर. गेली बिचारी."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला छान वाटलं असतं. चेरी फार झाल्यामुळे लागली नाही. पण पडल्या पडल्या आकडेमोड केली. दोन प्रसंगांचे गुण गेले, निवेदनतंत्राचे गेले, साडेसात म्हणजे डोक्यावरून पाणी. दुसऱ्या दिवशी कधी नव्हे तो मी साहेबांच्या नावाने अर्ज लिहायला बसलो. 'सदर कुत्रा प्रस्तुत अर्जदाराच्या मालकीचा असून' इथपर्यंत आलो. पुढे सही करायची होती. सहीच्या खाली पदनाम लिहायचं होतं, आणि पदनाम त्या कुत्र्यावर उभं होतं. अर्ज टेबलाच्या खणात गेला. अजून आहे.

निकाल शाळेच्या दारावर लागला. उत्तरपत्रिकांवरचा नावाचा कोपरा दुमडून चिकटवलेला असतो, तपासनीस जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात, तेव्हा वशिल्याचा प्रश्न नव्हता. मी गर्दीतून बोट फिरवत खाली गेलो. तोपोरान, स्मारांदा. साहित्य : नऊ पूर्णांक ऐंशी.

मी दोनदा वाचलं. रेमुसने शेजारून वाचलं. "आणि मला आठ चाळीस? मी तर कुत्रा दोनदा घातला!"

खुलासा करायला ग्रेचानू साहेब स्वतः आले. शिक्षकांच्या खोलीत उभं राहून त्यांनी एका निनावी उत्तरपत्रिकेची प्रत वाचून दाखवली. जिल्ह्यातली आदर्श उत्तरपत्रिका म्हणून. "ऐका. 'या कादंबरीत कुत्रा नाही. मी सगळी वाचली आहे. कुत्रा कुणी कापलेलाही नाही, तो कधी नव्हताच. ज्यांना तो दिसतो त्यांनी पुस्तक उघडलेलं नाही.' चार वाक्यं! आणि पुढे तीन पानं या विद्यार्थ्याने एकदाही, एकदाही कुत्र्याचा उल्लेख केलेला नाही! अनुपस्थितीचं तंत्र इतक्या ताकदीनं आपल्यापैकी कुणाला हाताळता आलं असतं? वाचकावर थेट आरोप! दोन्ही तपासनिसांनी तंत्राचे पूर्ण गुण दिले. मी रडलो, सेवेर. खरंच रडलो."

"पुढच्या तीन पानांत काय आहे, साहेब?"

"काहीतरी बकरी आहे. विषयांतर म्हणून दोन दशांश कापलेत."

काल्दारारू बाईंनी आलुबुखाराच्या दारूची बाटली काढली. छपराचा अर्ज मंजूर होणार होता.

ऑगस्टच्या शेवटी स्मारांदा फुलांऐवजी कोव्रिगची, म्हणजे कड्यांसारख्या गोल पावांची, पिशवी घेऊन निरोप घ्यायला आली. आम्ही पायरीवर बसलो. तीळ लावलेली गरम कोव्रिगं होती. ती फारशी खूश दिसत नव्हती.

"सर, मी सरळ लिहिलं होतं. कुत्रा नाही म्हणजे नाही. त्यांनी त्याचेच गुण दिले."

"जागा मिळाली ना?"

"मिळाली." तिने एक तुकडा मोडला. "पण बकरीचे कापले. बकरीच खरी होती."

"मी ते पुस्तक आणलंय लायब्ररीतून," मी म्हणालो. "सुरू करणार आहे."

"तुमच्या आधीचा शिक्का माझा आहे त्यावर. त्याच्या आधीचा एकसष्ट सालचा." ती सायकलवर बसली, निघाली आणि पाय टेकवून परत थांबली. "सर, ते राहिलंच. त्याच्या पायाला काय झालं होतं?"

"काटा रुतला होता," मी म्हणालो. "संध्याकाळी आईनं चिमट्यानं काढला. दुसऱ्या दिवशी तो नीट चालत होता."